शाळा सुरू झाली आणि मुलाचं रोज सकाळी पोट दुखतंय, आत्ता पाठवायचं की जूनपर्यंत थांबायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, पुण्यातली सेमी इंग्लिश शाळा. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळं बंद झालं तेव्हा तो मोठ्या गटात होता. आता १ फेब्रुवारी २०२२ पासून शाळा परत उघडली, पहिले दोन दिवस हौसेने गेला, तिसऱ्या दिवसापासून सकाळी पोट दुखतं म्हणून रडतो, गेटवर तुमची ओढणी सोडत नाही. घरी ठेवलं की दहा वाजेपर्यंत एकदम ठणठणीत. मिस्टरांचं ऑफिसही सुरू झाल्यामुळे सकाळचं सगळं तुमच्या एकटीवर. सासूबाई म्हणतायत आता दोन-अडीच महिने राहिलेत, कशाला जिवाला त्रास, जूनपासून बघू. आणि वर बाईंचा निरोप की लिहिण्यात मागे आहे, फळ्यावरचं उतरवून घेत नाही.

मी बरीच वर्षं शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, महापालिकेच्या शाळा आणि खाजगी शाळा दोन्हीकडे, आणि सध्या माझ्याकडे येणाऱ्या दहा पालकांतल्या निम्म्यांचा प्रश्न थोडाफार असाच असतो. म्हणून आधी हे सांगते की तुमच्या मुलात काही कमी नाहीये आणि तुमचंही काही चुकलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पोटदुखी, लिहिणं, आणि जून. माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. सगळे म्हणतायत मुलं शाळेत "परत" चालली आहेत. तुमचा मुलगा परत चाललेला नाही हो, तो पहिल्यांदाच चाललाय. मोठ्या गटात होता तेव्हा दोन-तीन तास खेळून घरी यायचा, त्यानंतर आख्खी पहिली मोबाईलवर गेली, दुसरीची सुरुवातही मोबाईलवर. मध्ये डिसेंबरच्या मध्यावर शाळा उघडली आणि जानेवारीत ओमायक्रॉन या करोनाच्या नव्या प्रकारामुळे लगेच बंद झाली, म्हणजे त्याला जरा कुठे वास लागला तोवर ते पण गेलं. त्याची शाळा म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन, शेजारी आई, मागे स्वयंपाकघरातून येणारा कुकरचा आवाज. आणि आता एकदम ३०-३५ मुलं, घंटा, बाक, तोंडावर मास्क असलेल्या बाई, आणि आई गेटच्या बाहेर. वयाने तो दुसरीतला आहे, पण शाळेच्या अनुभवाने बालवाडीतल्या पहिल्या दिवसावर उभा आहे. बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात मूल रडलं तर आपण कुणी दचकत नाही, तेच सात वर्षांचं मूल रडलं की "एवढा मोठा झाला तरी" सुरू होतं.

पुढचं सगळं सांगण्याआधी काही गोष्टी तुमच्याकडून कळायला हव्यात कारण उत्तर त्यावर बदलतं.

पहिलं, पोट एकदा डॉक्टरांना दाखवा. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडेच न्या, उगाच दहा टेस्ट करू नका. भीतीची पोटदुखी साधारण बेंबीच्या आसपास असते, शाळेच्या दिवशी सकाळी येते आणि रविवारी गायब असते. पण रात्री झोपेतून उठवणारी दुखणी, बेंबीपासून लांब एका बाजूला दुखणं, उलट्या, ताप, वजन कमी होणं, शीतून रक्त, यातलं काहीही असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना. अजून एक साधी गोष्ट जी आत्ता खूप मुलांमध्ये दिसतेय ती म्हणजे बद्धकोष्ठ. दोन वर्षं मुलं साडेआठला उठून नऊच्या क्लासला बसायची, शी आरामात कधीही. आता साडेसहाला उठायचं, सातला व्हॅन, शीला बसायला वेळच नाही, शाळेत तर जातच नाहीत. मग पोट खरंच दुखतं, त्यात मानसिक वगैरे काही नाही.

दुसरं, या दोन वर्षांत घरात काय झालं? गेल्या वर्षी, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, पुण्यात काय परिस्थिती होती ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. घरातलं कुणी हॉस्पिटलमध्ये गेलं आणि परत आलंच नाही असं झालं असेल तर त्या मुलाच्या डोक्यात "घराबाहेर गेलेलं माणूस येत नाही" हे पक्कं बसलेलं असू शकतं, आणि मग गेटवर आईला सोडणं याचा अर्थच वेगळा होतो. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही म्हणून तसं नसेल असं धरून पुढचं लिहितेय. तसं असेल तर प्लीज कळवा, तिथे घाई अजिबात करायची नाही, त्या मुलाशी आधी गेलेल्या माणसाबद्दल बोलावं लागतं.

तिसरं, शाळेत नेमकं काही घडतंय का. थेट "तुला कोण त्रास देतं?" असं विचारलं की मुलं एकतर गप्प बसतात नाहीतर काहीतरी रचून सांगतात. त्यापेक्षा संध्याकाळी खेळता खेळता विचारा, व्हॅनमध्ये तू कुठे बसतोस, तुझ्या शेजारी कोण, शू लागली तर कुणाला सांगतोस. या शेवटच्या प्रश्नावर फार अडतं. मला भेटलेल्या लहान मुलांपैकी बऱ्याच जणांची शाळेची भीती म्हणजे प्रत्यक्षात शाळेच्या बाथरूमची भीती निघते. दोन वर्षं घरचं बाथरूम, घरात इलॅस्टिकची चड्डी, आणि आता युनिफॉर्मच्या पँटला हूक आणि पट्टा, तो एकट्याला सुटत नाही. वर्गात सगळ्यांसमोर बाईंना विचारायची लाज. मग पाणी प्यायचं नाही, शू दाबून धरायची, आणि अकरा वाजता खरंच पोटात कळ. याला समुपदेशन लागत नाही, घरी आठ दिवस पट्टा उघडायची-लावायची प्रॅक्टिस करा, शाळेला विचारून इलॅस्टिकची पँट चालते का बघा, आणि बाईंना एक ओळ लिहून द्या की याला मध्येच जाऊ द्या.

आणि हो, एखाद्या ठरावीक माणसाचं नाव घेतल्यावर मूल थिजत असेल, अंगाला हात लावू देत नसेल, तर शाळेत पाठवणं तिथेच थांबवा आणि आधी शोध घ्या. १०९८ ही चाइल्डलाइन त्याचसाठी आहे.

हे सगळं तपासलं, काही निघालं नाही, तर मग जे उरतं ती शाळेची भीती. ती खरी असते. घरात यावरून बहुतेक वेळा दोन पक्ष पडतात, एक म्हणतो नाटकं करतोय, दुसरा म्हणतो राहू दे बिचारा. दोन्हींनी त्रास वाढतो. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, पचनाचं काम मागे पडतं, आतडी आवळतात आणि दुखतं. मूल खोटं बोलत नाहीये. पण त्या क्षणी आपण "बरं राहा घरी" म्हटलं की भीती एका मिनिटात उतरते, पोट थांबतं, आणि त्याचं शरीर शिकतं की घरी राहिलं की बरं वाटतं. हे तो विचार करून ठरवत नाही, आपोआप होतं. दुसऱ्या दिवशी पोट थोडं लवकर आणि थोडं जास्त दुखतं, शनिवार-रविवार गेला की सोमवारी अजून जास्त. म्हणून "आज राहू दे, उद्या नक्की" हे प्रेमापोटी केलेलं असलं तरी उद्याला अवघड करतं.

यात एक गोष्ट मला नेहमी जाणवते ती सांगते. महापालिकेच्या ज्या शाळांमध्ये मी जाते तिथली वस्तीतली बरीच मुलं पहिल्या दिवशी अक्षरशः धावत आली. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, घरात एकच मोबाईल तोही वडील कामाला घेऊन जाणार, शाळेतल्या शिजवलेल्या खिचडीऐवजी कोरडा शिधा घरी मिळायचा. त्यांच्यासाठी शाळा म्हणजे मोकळी जागा. त्या मुलांचे प्रश्न वेगळे आहेत, अक्षरओळखच पुसली गेलीय, घरी कामाला लागलीत, पण गेटवर ती रडत नाहीत. जिथे आई-बाबा दोघंही दोन वर्षं चोवीस तास घरात होते, त्या घरातून बाहेर पडणं जास्त जड जातंय. तुमच्या मुलाच्या दृष्टीने बघा, एकाच महिन्यात बाबा ऑफिसला गेले आणि त्यालाही बाहेर काढलं. त्याचं आख्खं जग एकदम पांगलं.

आणि आपणच दोन वर्षं काय शिकवलं त्याला? बाहेर जाऊ नको, कुणाजवळ जाऊ नको, लिफ्टच्या बटणाला हात लावू नको, आजीला मिठी मारू नको नाहीतर आजीला होईल. आता म्हणतोय जा, मुलांत मिसळ, काही होत नाही. त्यात घरातल्या मोठ्यांना करोनाची लस मिळाली, जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वाल्या दादा-ताईंनाही सुरू झाली, याच्या वयाला या फेब्रुवारीत तरी नाही. हे त्याला समजतं बरं का. त्यामुळे "काही होत नाही" असं म्हणू नका, ते त्याला पटत नाही. ठोस सांगा: तुझी कामं दोन, मास्क नाकावर ठेवायचा आणि खाण्याआधी हात धुवायचे, बाकीची काळजी मोठ्यांची. एवढंच, आणि रोज तेच शब्द. पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप सकाळी म्यूट करा, वर्गात एखादं मूल पॉझिटिव्ह आलं की तिथे शंभर मेसेज पडतात आणि आपला चेहरा बदलतो, मुलं आपला चेहरा वाचतात.

आता जूनचं. सासूबाईंचं म्हणणं मायेचं आहे, मी त्याला कमी लेखत नाही, पण मी तुमच्या जागी असते तर थांबले नसते. कारण सांगते. या फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात लहान वर्गांना शाळा अर्धवेळच आहे, २०२१-२२ चा अभ्यासक्रम सलग दुसऱ्या वर्षी २५ टक्के कमी केलेला आहे, दुसरीत कुणी नापास करत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत्ता वर्गातली निम्मी मुलं तुमच्या मुलासारखीच गोंधळलेली आहेत. कुणी रडतंय, कुणी बाई बोलत असताना मध्येच उठून फिरतंय, एक मुलगी परवा बाईंना म्हणाली तुमचा आवाज येत नाहीये. बाईंनाही हे माहीत आहे म्हणून त्या सांभाळून घेतायत. जूनमध्ये काय होईल? तिसरी, नवीन वर्ग, कदाचित नवीन बाई, पूर्ण वेळ शाळा, आणि बाकीची मुलं तोवर रुळलेली. तेव्हा तुमचा एकटाच रडत असेल. शिवाय मधले चार महिने "शाळा ही टाळता येते" हे त्याच्या मनात घट्ट होणार ते वेगळंच.

याला अपवाद आहे. घरात कुणाची केमो चालू असेल, किडनी ट्रान्सप्लांट झालेलं असेल किंवा मुलालाच गंभीर आजार असेल तर त्या डॉक्टरांना विचारून ठरवा. या करोनाच्या काळात शाळा पालकांचं संमतीपत्र त्यासाठीच घेतायत, जबरदस्ती करू शकत नाहीत. पण मग घरी राहायचं कारण आजार आहे हे मुलाला स्पष्ट सांगा, "तुला भीती वाटते म्हणून" असं नको.

पाठवायचं ठरलं तर कसं, हे मी माझ्या पालकांना जसं सांगते तसं सांगते. सोमवारी सुरू करायचं असेल तर आधी शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी नुसतं शाळेपर्यंत चालत जा, गेट बघा, बाहेर एखादा ऊसाचा रस प्या आणि परत या. झोप रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा, एका रात्रीत अकराचे नऊ होत नाहीत. दप्तर, युनिफॉर्म, बाटली सगळं रात्रीच. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, थोडं खाणं, मग दहा मिनिटं शांतपणे शीला बसणं, त्यासाठी वीस मिनिटं लवकर उठावं लागलं तरी चालेल. आणि सकाळी "पोट दुखतंय का रे?" असं विचारूच नका. आपण काळजीने विचारतो आणि त्याचं लक्ष नेमकं तिथेच जातं. त्याने स्वतःहून सांगितलं तर "हो, दुखत असेल, शाळेत पोचल्यावर थोड्या वेळाने कमी होईल" एवढंच म्हणा आणि बूट पुढे करा. वाद नको, समजावणं नको, आमिषं तर नकोच. चॉकलेटने सुरुवात केली की आठवड्याने मोबाईल गेमवर येऊन थांबतं.

गेटवर निरोप छोटा. हे आयांना सगळ्यात जड जातं. आपण थांबतो, परत जवळ घेतो, लांबून बघत उभं राहतो, आणि मुलाला वाटतं आई एवढी थांबतेय म्हणजे इथे काहीतरी धोका असणार. एक मिठी, एक ठरलेलं वाक्य, "घंटा झाली की मी इथेच असेन", आणि वळायचं. आणि घंटा झाली की खरंच तिथे असायचं, पाच मिनिटं आधीच. पहिल्या दोन आठवड्यांत हे एक वचन पाळलं तर अर्धं काम होतं. न सांगता गुपचूप निघून जाऊ नका, त्याने विश्वास तुटतो. मिस्टरांना ऑफिसला जाताना पहिले काही दिवस सोडता आलं तर फार बरं, बऱ्याच मुलांना बाबांना सोडणं त्या मानाने सोपं जातं कारण दोन वर्षं चिकटून बसलेली असतात ती आईला.

बाईंना भेटा, पण तक्रार म्हणून नको. त्यांना तीनच गोष्टी सांगा: पहिले दहा-पंधरा मिनिटं तो रडेल, नंतर थांबेल, ओळखीचं एखादं मूल, सोसायटीतलं किंवा व्हॅनमधलं, त्याच्या शेजारी बसवा, आणि आल्या आल्या त्याला काहीतरी काम द्या, खडू आणणं, वह्या वाटणं. हातात काम असलं की मुलांना वर्गात शिरणं सोपं जातं. अगदीच पराकोटीचं रडणं असेल तर शाळेशी बोलून आठवडाभर दोन तासच बसू द्या, मग तीन, मग पूर्ण. पण रोज. दिवसाआड जाण्यापेक्षा रोज थोडा वेळ जाणं कधीही बरं. तुमच्या शाळेत सम-विषम रोल नंबरने दिवसाआड बोलावत असतील तर सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळेला उठवा, आंघोळ, कपडे, टेबलाशी बसणं, नाहीतर त्याच्यासाठी शाळेचा प्रत्येक दिवस सोमवारच होतो.

आणि एखाद्या दिवशी नाहीच जमलं, घरी ठेवावंच लागलं, तर घरचा तो दिवस कंटाळवाणा असू दे. शिक्षा नाही, रागावणं नाही, पण पोट दुखतंय ना, मग झोपून राहा, मऊ भात खा, टीव्ही-मोबाईल शाळा सुटायच्या वेळेपर्यंत बंद. इथे सासूबाईंची साथ लागेल. त्यांना विरोधात धरू नका, त्यांनाच काम द्या, दुपारी घरी आल्यावर जेवायला वाढताना शाळेतली एक गंमत आजीलाच सांगायची असं ठरवा. त्या स्वतः सांगायला लागतील की आज काय झालं ते मला ऐकायचंय, मग त्यांचाही सूर बदलतो असं मी बघितलंय.

लिहिण्याचं शेवटी घेतेय कारण ते खरंच नंतरचं आहे. पण सगळ्यात आधी डोळे तपासून घ्या. दोन वर्षं हातभर अंतरावरच्या स्क्रीनकडे बघत बसल्याने आणि उन्हात खेळणं बंद झाल्याने मुलांना चष्मे लागतायत, आणि मुलाला कळतच नाही की त्याला फळा धूसर दिसतोय, त्याला वाटतं सगळ्यांना असाच दिसतो. डोळे नीट असतील तर मग हात. फळ्यावरून उतरवणं म्हणजे वर बघायचं, शब्द लक्षात ठेवायचा, खाली बघून ओळीत बसवायचा, परत वर बघून जागा शोधायची. हे कौशल्य पहिलीत रोज थोडं थोडं तयार होतं, याची ती पहिलीच झाली नाही. मोबाईलवर बाई स्क्रीनशॉट पाठवायच्या, शेजारी आपण सांगायचो, तो लिहायचा. जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, झाला, पण तोही शाळा बंद असतानाच. घरी रोज दहा मिनिटं पुरे: भिंतीवर एक मोठा कागद चिकटवा, त्यावर दोन-तीन सोपी वाक्यं, आणि त्याने समोर बसून वहीत उतरवायची. दहा मिनिटं झाली की बंद, शब्द अर्धा राहिला तरी. बोटांत ताकद नसेल तर पोळीची कणीक मळू दे, चिंचोके निवडू दे, कपड्यांना चिमटे लावू दे. जोडाक्षरं चुकतायत, काना-मात्रा राहतायत, ते येईल, दुसरीच्या बऱ्याच मुलांचं आत्ता तसंच आहे. शाळेची भीती जायच्या आधी संध्याकाळी दोन तास बसवून लिहून घेतलंत तर शाळेबद्दलचा राग वाढेल आणि सकाळचं पोट परत सुरू होईल.

वेळ किती लागेल हे नक्की कुणी सांगू शकत नाही. रोज जात राहिलं तर बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत बरीच सावरतात, मध्ये एखादा सोमवार वाईट जातो, आजारी पडून चार दिवस राहिलं की परत थोडं मागे येतं, तेव्हा घाबरू नका. मेच्या सुट्टीनंतर जूनमध्येही पहिले काही दिवस हेच होईल, म्हणून सुट्टीत वर्गातल्या एक-दोन मुलांशी भेटीगाठी चालू ठेवा. पण तीन आठवडे रोज प्रयत्न करूनही रडणं वाढतच असेल, रात्री झोप नाही, गादी परत ओली व्हायला लागली, खाणं तुटलं, आवडीचा खेळही नको झाला, किंवा "मला जगायचं नाही" अशा अर्थाचं काही बोलला, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना सांगून बालमानसतज्ज्ञांची चिठ्ठी घ्या. खाजगी परवडत नसेल तर पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, बाकीच्या जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

सध्या एवढं करा, आज संध्याकाळी पट्ट्याचं, बाथरूमचं आणि व्हॅनचं सहज विचारून बघा, आणि घरात कुणाचं आजारपण झालं होतं का ते लिहा. शाळा दिवसाआड आहे की रोज हेही सांगा, त्यावरून पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक आपण नीट बसवू.